पिवळ्या साडीतली बाई आणि वायरवाला

ज्या माणसामुळं माझं अंथरूण घरातून उचलून मेंढ्यांत गेलं, त्याला सोडायचं नाय असं मी ठरवलं, तव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, तो बाप्या हाय का बाई हाय हे बी माहीत नव्हतं. राग मात्र पक्का व्हता. आधी राग, माणूस मागून. मी सगळी कामं अशीच उलट्या बाजूनं करत आलोय.

आमी करमाडचे. घरात मेंढरं. पाऊस दडी मारायला लागला की माझा बाप कळप घेऊन गंगापूरकडं नदीच्या काठाला निघायचा, अन चार थेंब पडले की माघारी यायचा. नंतर पावसानं दडी मारायचीच सवय लावून घेतली. तिकडं शेंद्र्याला कंपन्या आल्या, चराईच्या रानाला तारा लागल्या. जिथं बाप मेंढरं बसवायचा, तिथं आता गेटवर वॉचमन बसतो. त्या वॉचमनच्या जागेला मी बी गेल्तो. साहेब म्हणला, वाचता येतं का? मी म्हणलो, गाडीचा नंबर वाचतो, वर जे लिहिलेलं असतं ते सोडून देतो. त्यांनी मला सोडून दिलं.

मग कळप विकला. थोड्या मेंढ्या ठेवल्या अन एक एडका. एडका यासाठी, की तो कुणी विकतच घेईना. दिसेल त्याला धडक मारायचा.

माझी बायको दहावी झालेली. माझ्या घरात दहावी झालेलं माणूस म्हणजे वाळवंटात विहीर. तिनं करमाडच्या रस्त्यावर गाळा घेतला, त्यात एक कॉम्प्युटर मांडला, अन लोकांचे फॉर्म भरायला लागली. पीकविमा, जातीचा दाखला, पोरींचे शाळेचे अर्ज. तिच्याकडं बाया लई यायच्या. दुसऱ्या दुकानात बाप्ये बसलेले असायचे, इथं बाईच बसलेली. आपलं वय, आपला आजार, नवऱ्यानं टाकलंय का ठेवलंय, हे बाया तिला खुर्ची ओढून कानात सांगायच्या, अन ती फॉर्मात लिहायची. माझं काम सकाळी शटर वर करायचं, माठ भरायचा, अन दुपारी ती जेवायला घरी गेली की दुकानात बसायचं. बसायचं म्हणजे झोपायचं.

कॉम्प्युटरला वायर लागती. ती वायर शेंद्र्याकडून खांबाखांबावरून एका शहरातल्या माणसानं आणली. त्याला आमी वायरवालाच म्हणायचो. पांढरा शर्ट, गोड बोलणं. मला मामा म्हणायचा, बायकोला मामी. चहा घेताना एडक्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तर एडका त्याच्यासमोर मान खाली घालून उभा. सख्ख्या मालकाला धडका मारणारा एडका. मला तव्हाच कळायला पायजे व्हतं, की एडक्याला माणसाची पारख नाय. पण मला एडक्याचा अभिमान वाटला.

एक दिवस एक म्हातारी आली. निराधारचा फॉर्म भरायचा व्हता. बायको भरत व्हती, मी माठाशेजारी बसलेलो. कॉम्प्युटरवर काम चालू असताना मधीच टपकन एक चौकट उघडली. हिला लोक पॉप-अप म्हणतात, जाहिरात असती. त्या चौकटीत पिवळ्या साडीतली एक बाई. पदर व्हता, पण जिथं पायजे तिथं नव्हता. खाली काहीतरी लिहिलेलं.

म्हातारी म्हणली, "काय लिहिलंय गं माय? माझा फॉर्म मंजूर झाला का?"

बायको आपली सवयीनं मोठ्यानं वाचून गेली. "मी करमाडची आहे. घरी एकटी आहे. माझ्याशी बोलशील का?"

वाचून झाल्यावर तिला कळलं आपण काय वाचलं. तिनं चौकट बंद केली. म्हातारी मात्र चष्मा पुसून पुढं सरकली. "करमाडची? कुणाच्या घरची गं? एवढी पोर एकटी हाय अन आमाला पत्ता नाय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी माठाकडं बघितलं. दुपारी दुकानात एकटा कोण असतं हे आमच्या दोघांनाबी माहीत व्हतं.

"म्या काय बी केलं नाय," मी म्हणलो.

"मी विचारलं का?" ती म्हणली.

त्या दिवशी घरी गेलो तर माझं अंथरूण अन घोंगडं दारात ठेवलेलं. मेंढ्यांचं वाडगं घराच्या मागं व्हतं. मी ते उचलून तिकडं गेलो. एडक्यानं स्वागताला एक धडक दिली.

म्हातारीनं गावात काय सांगितलं असंल ते तुमी समजून घ्या. करमाडची कोणतरी एकटी बाई आमच्या कॉम्प्युटरात राहती, एवढं सगळ्यांना कळलं. बाप्ये यायला लागले. फॉर्म नाय, काय नाय, माठातलं पाणी प्यायचं अन पडद्याकडं बघत उभं राहायचं. अन बाया यायच्या थांबल्या. एक पोर शाळेचा अर्ज घेऊन आली, तर तिची आई रस्त्यावरूनच तिला हाक मारून घेऊन गेली. बायको खुर्ची पुसत बसायची. ती रिकामी खुर्ची मला अजून दिसती.

एकदा ती माझ्याकडं न बघता म्हणली, "दिवाळीपर्यंत बाया आल्या नाय तर मी कॉम्प्युटर विकून टाकीन. शेंद्र्याला कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला बाया घेतात."

तिच्या ज्या हातानं लोकांचे अर्ज भरले जायचे, त्या हातानं पोळ्या. मी वाडग्यात जाऊन बसलो अन त्या माणसाला काय काय करायचं ते ठरवायला लागलो. उन्हाळ्यात त्याच्याकडून सगळ्या मेंढ्यांची लोकर कातरून घ्यायची, गंजलेल्या कात्रीनं. मग त्याला एडक्यासोबत वाडग्यात कोंडायचं. मग त्याला माझ्या बायकोसमोर उभं करायचं, अन ती जसं माझ्याकडं बघती तसं त्याच्याकडं बघू द्यायचं. तिसरी शिक्षा सगळ्यात वाईट व्हती, म्हणून शेवटी ठेवली.

पण माणूस कोण?

आधी मला वाटलं ती बाईच. करमाडची हाय म्हणती, मग शोधू. मी बाजारात, पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर बायांची तोंडं बघत फिरलो. पिवळी साडी दिसली की मागं मागं. शेवटी एका पिवळ्या साडीच्या भावानं मला थांब्यावर धरलं. "काय शोधतोस रे?" मी म्हणलो, कॉम्प्युटरातली बाई. त्यानं मला दोन लगावल्या अन वर म्हणला, मला बी दिसली तर सांग. ते दोन्ही मला पटलं.

मग शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं गेलो, डबा पाठीवर घोंगड्यात बांधून. दुकानात एसी, त्याच्या तोंडात तोबरा. म्हणला, "मामू, व्हायरस आहे." साफ करून दिला. माघारी आणला, वायर लावली, बाई हजर. परत घेऊन गेलो. आता तो हसला. "मामू, तुम जो देखते वही आता. कॉम्प्युटरला तुमची आवड कळती. वो क्या करेगा बिचारा."

हे त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणलं. मी हसलो. मला हसायची वाईट सवय हाय, कुणी माझी इज्जत काढली की आधी मीच हसतो. बसमध्ये बसल्यावर मात्र विचार आला, खरंच की काय? कॉम्प्युटरला माझ्या मनातलं दिसत असंल का? मी तर त्याचं चालू करायचं बटण बी बायकोला विचारून दाबतो. तरी मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

त्या बसमध्येच मला माझी माय आठवली.

दुष्काळाच्या एका साली आमच्या मेंढ्यांना हगवण लागली. बाप म्हणला, पाला खाल्ला असंल. देवऋषी म्हणला, कुणीतरी बघितलं. माय म्हणली, तुमी दोघं गप बसा. ती दुसऱ्या मेंढपाळांकडं गेली अन प्रत्येकाला एकच विचारलं, तुमी कुठं पाजलं? ज्यांनी टँकरच्या हौदावर पाजलं त्यांची मेंढरं पडलेली. ज्यांनी खदानीवर पाजलं त्यांची उभी. मग माय टँकरवाल्याच्या घरी गेली, तहान लागली म्हणली. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. माय पिऊन म्हणली, "गोड हाय की तुमच्या घरचं पाणी. हे टँकरातलं नव्हं." टँकरवाला ते पाणी घरी पीतच नव्हता.

मी बसमध्ये उभा राहिलो. कंडक्टर म्हणला, खाली बसा, करमाड यायचंय अजून.

दुसऱ्या दिवसापासून मी मायसारखा विचारत फिरलो. गावात ज्याच्याकडं कॉम्प्युटर हाय त्याला, तुमच्याकडं येती का बाई? मी सरळ विचारलं, अन इथंच चुकलो. मेंढीला हगवण लागली तर माणूस सांगतो. घरात बाई येती हे कोण सांगंल?

बी-बियाणाच्या दुकानदारानं हात जोडले. "छे छे. आमच्याकडं देवाचं चित्र हाय पडद्यावर." त्याचा पडदा मात्र भिंतीकडं तोंड करून बसलेला. गुरुजी, म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर, म्हणले, "आमचा कॉम्प्युटर बंद आहे. जळला." गुरुजींना मी लई मानतो. त्यांच्या शाळेत मी एकदाच गेलोय, हरवलेली मेंढी शोधायला. ती तिसरीच्या वर्गात सापडली. म्हणजे आमच्या घरात माझ्यापेक्षा तीच जास्त शिकलेली.

सगळीकडून नाय नाय ऐकून मी वाडग्यात आलो. गावात फक्त माझ्याच घरी बाई येती. म्हणजे बायकोचं खरं. एडक्याला विचारलं, तुझं काय मत? त्यानं मत दिलं. बरगडी दोन दिवस दुखत व्हती.

मग मी सरळ विचारायचं सोडलं. सरळ काम मला जमतच नाय.

न्हाव्याच्या दुकानात गुरुजी दाढीला बसलेले. बी-बियाणवाला बाकड्यावर पेपर घेऊन. मी दारातच बसलो अन न्हाव्याला म्हणलो, "माझ्या घरात त्या बाईपायी तमाशा झाला. काय ती लाल साडी, काय तो थाट."

न्हावी म्हणला, "कोण बाई?"

"कॉम्प्युटरातली रे. लाल साडीवाली."

गुरुजींच्या गालावर फेस, वस्तरा मानेपाशी. तरी बोलले. "लाल कुठली, पिवळी आहे ती."

वस्तरा थांबला. पेपर खाली आला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. माणूस मेल्यावर मिटतात तसे.

जन्मात एकदाच मी योग्य जागी गप बसलो असंल, ती ही जागा. बी-बियाणवाला खाकरला, पुढं वाकला, अन हळूच म्हणला, "गुरुजी, तुमच्याकडं बी ती करमाडचीच हाय का?"

"करमाडचीच," गुरुजी म्हणले. आवाज फेसातून आला.

"घरी एकटी?"

"एकटी."

"हात्तिच्या," बी-बियाणवाला म्हणला. "मला वाटलं मला एकट्यालाच बोलावती."

मग जे निघालं ते धबधब्यासारखं. गुरुजींचा कॉम्प्युटर जळला नव्हता. सुनेसमोर बाई आली, म्हणून गुरुजींनीच पीन उपटून ठेवली अन जळला म्हणून सांगितलं. नातवाचा अभ्यास बुडाला तरी चालंल. बी-बियाणवाला गिऱ्हाइकासमोर कॉम्प्युटर लावतच नव्हता, हिशेब कागदावर. ग्रामपंचायतीतला क्लार्क दुपारी दार लावून काम करायचा, अन गावात त्याच्या मेहनतीचं कौतुक. जो तो समजत व्हता, आपल्याच मनात काहीतरी वंगाळ हाय, ते कॉम्प्युटरनं हेरलं. म्हणून सगळे गप. सगळ्यांच्या अब्रूचं पांघरूण घेऊन तो माणूस आत झोपलेला.

"सगळ्यांची वायर कुणाची?" मी विचारलं.

ते विचारायची बी गरज नव्हती. करमाडला वायर एकाचीच.

मी पळत दुकानात आलो अन बायकोला सगळं सांगितलं. गुरुजींचं सांगताना तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडती. हसत व्हती. कितीतरी दिवसांनी. पण मग पदर खाली आला अन ती म्हणली, "बाप्यांनी बाप्यांची साक्ष दिली. मी बघितल्याशिवाय मानणार नाय."

तिनं वायर काढली. भाच्याचा फोन आणून त्याचं इंटरनेट कॉम्प्युटरला जोडलं. भर दुपारी आमी दोघं त्या पडद्यासमोर बसलो, लग्नाला बसल्यासारखे. तिनं एक साइट उघडली, दुसरी उघडली, तीच परत उघडली. बाई येईना. मला मनातून भीती, ही आली तर मेलो. नाय आली.

मग तिनं वायर लावली. पाणी प्यायला बी वेळ मिळाला नाय. मी करमाडची आहे. घरी एकटी आहे.

बायको त्या चौकटीकडं बघत बसली. बंद केली नाय. मला वाटलं आता मला म्हणंल, चुकलं माझं, या घरात. ती म्हणली, "रिक्षा सांगा. शहरात जायचंय."

मी एडका सोबत घेतला. मी इतके दिवस जे ठरवलं व्हतं त्यातलं एक तरी व्हायला पायजे व्हतं. रिक्षात पुढं ड्रायव्हर अन मी, मागं बायको अन एडका. सगळ्या रस्त्यानं लोक मागच्या दोघांना बघत व्हते अन माझ्याकडं बघून हसत व्हते. मी मनात वायरवाल्याला मारत चाललो व्हतो. शेंद्रा गेलं, कंपन्यांच्या भिंती गेल्या, जालना रोडवर नव्या बिल्डिंगी लागल्या, ज्वारीचं रान व्हतं तिथं. प्रत्येक बिल्डिंगीला मी त्याला एक ठोसा देत आलो. ऑफिस येईस्तोवर हात दुखायला लागला.

ऑफिस खाली, राहायचं घर वरती. काचेचं दार. मी एडक्याचा दोर सोडला अन म्हणलो, जा. त्यानं काचेत एक एडका बघितला. शिंगं तेवढीच, डोळे तेवढेच लाल. तो मागं सरकला. समोरचाबी मागं सरकला. मी मधी गेलो, काच फुटंल म्हणून. एडका आला तो माझ्यावरच. मी दारासकट आत गेलो. दार काय फुटलं नाय, ते ढकलायचं दार व्हतं.

वायरवाला खुर्चीतून उठला. "मामा? लागलं का?"

बदला घ्यायला गेलेला माणूस ज्याचा बदला घ्यायचा त्याच्याच हातानं उठून बसला. पाणी बी त्यानंच दिलं. मी पिऊन बी घेतलं.

बायकोनं पाणी घेतलं नाय. ती उभ्यानंच म्हणली, "आमच्या कॉम्प्युटरात बाई तुमी पाठवता."

"मामी, ते मी नाही हो. ते वरून येतं."

"वरून म्हणजे देव पाठवतो का?"

"इंटरनेटवरून. वर कंपन्या असतात." मग तो माझ्याकडं वळला, आवाज खाली केला, अन गोड हसला. "मामा, माणूस जे बघतो ना, कॉम्प्युटर तेच दाखवतो. मामींसमोर मला सगळं बोलायला लावू नका. तुमचीच पंचाईत."

आता मला कळलं, हा माणूस गुरुजींना काय म्हणला असता, क्लार्काला काय म्हणला असता. याच एका वाक्यावर याचा धंदा उभा व्हता. गावातला कुणी बी अब्रूदार माणूस इथून मान खाली घालून माघारी गेला असता.

मी म्हणलो, "बोल की. मी मेंढ्यांत झोपतो, रात झाली की घोंगडं घेऊन. सगळ्या करमाडला माहीत हाय. तू अजून काय सांगणार?"

त्याचं हसू तिथंच राहिलं, डोळे मात्र गेले.

बायको काउंटरमागं गेली. त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर चालू व्हता. तिनं खुर्ची ओढली अन बसली, आपल्या दुकानात बसल्यासारखी. तीच साइट उघडली. परत उघडली. आमी सगळे बघतोय. बाई नाय. दुसरी साइट. नाय.

"ही वायर तुमचीच ना?" ती म्हणली. "मग तुमच्याकडं कामून येत नाय ती? तुमच्या मनात काय लई शुद्ध हाय?"

मला माझी माय दिसली, टँकरवाल्याच्या ओसरीवर तांब्या घेऊन. सांगायचं म्हणजे, तो विचार मला सुचायला पायजे व्हता, माय माझी व्हती.

तो बसला. मग हळूहळू निघालं. जाहिरातवाले त्याला पैसे द्यायचे. कोपऱ्यात दिवे लुकलुकणारा एक डबा व्हता, त्यातून गावोगावची वायर निघती. तिथंच तो ती बाई मिसळायचा, दुधात पाणी मिसळावं तशी. ज्या गावची वायर त्या गावची बाई. करमाडला करमाडची, शेंद्र्याला शेंद्र्याची. पिवळी साडी तीच. स्वतःच्या घराची अन ऑफिसची वायर डब्याच्या आधीच वेगळी काढलेली.

"सगळेच करतात, मामी," तो म्हणला.

मी उठलो. आता एक तरी कानाखाली द्यायची, इतके दिवस जपून ठेवलेली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अगं बाई, एडका." जिन्यावरून त्याची आई खाली आलेली. नऊवारी, कपाळाला गोंदण. एडका काचेतल्या एडक्याशी अजून भांडत व्हता, तिनं जाऊन त्याच्या पाठीत हात घातला, लोकर चिमटीत धरून बघितली. "किती दिवसांनी बघितला. आमच्या गंगापूरच्या शेतात बसायची मेंढरं. याच्या लोकरीचं घोंगडं विणता का हो? इथं गादीवर झोप येत नाय मला."

वायरवाला पांढरा पडला. माझ्या कानाशी येऊन म्हणला, "मामा, पाया पडतो. आईसमोर काही बोलू नका. मी आत्ताच्या आत्ता काढतो सगळ्यांचं."

मी त्याच्याकडं बघितलं. हा तोच घाबरटपणा, जो गुरुजींच्या चेहऱ्यावर फेसाखाली व्हता. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. दया वगैरे काय आली नाय. मला वाटलं, अजून थोडा वेळ असाच उभा राहा.

"मी नाय बोलणार," मी म्हणलो. "पण तू करमाडला यायचं. दुकानासमोर, बाया असताना. अन सांगायचं."

तो आला. आठवडी बाजार व्हता. बायकोनं त्याला दुकानाच्या पायरीवर उभं केलं. तो म्हणला, "काही तांत्रिक अडचणीमुळे..."

"तांत्रिक नाय," बायको म्हणली. "बाई कुणी पाठवली ते सांगा."

"मी," तो म्हणला.

"मोठ्यानं. मागं म्हाताऱ्या हायत."

"मी पाठवली."

ती निराधारवाली म्हातारी पुढं आली, त्याला खालून वरून बघितलं, अन म्हणली, "म्हणजे ती करमाडची नाय? मी तिच्यासाठी स्थळ बघत व्हते की." बाया हसल्या. एक हसली की दुसरी, मग सगळ्या. त्याचे कान लाल झाले. गुरुजी गर्दीत मागं उभे व्हते, ते म्हणले, "मला पहिल्यापासून शंका होती." मी त्यांच्याकडं बघितलं नाय. मी मानतो त्यांना.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या अर्जाची पोर आली. आई सोबत. खुर्ची ओढली.

वायरवाल्याच्या आईनं मागितलेलं घोंगडं विणून झालं तसं मी बायकोला म्हणलो, मी शब्द दिलाय, मला त्याच्या आईसमोर बोलता यायचं नाय. ती म्हणली, मी दिला नाय. अन घोंगडं घेऊन गेली. माघारी आली तव्हा मी एसटीच्या थांब्यावरच उभा.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणली?"

"घोंगडं घेऊन खाली ऑफिसात आली, त्याच्या खुर्चीशेजारी अंथरलं, अन बसली. म्हणली, आता मी दुपारची इथंच पडत जाईन, बघू काय काय येतं."

मी थांब्यावर एवढा हसलो की पिवळ्या साडीवालीचा तो भाऊ लांबून बघायला लागला. इतके दिवस मी वाडग्यात ज्या शिक्षा ठरवल्या त्यातली एकबी एवढी भारी नव्हती. अजून कधी त्या रस्त्यानं गेलो तर मी काचेतून बघतो. तो कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेला, अन शेजारी माझ्या एडक्याच्या लोकरीवर त्याची माय. मला लई गार वाटतं.

त्या दिवशी बायकोनं माझं अंथरूण आत घेतलं. ताटात भाकरी, वर ठेचा, तिनं स्वतः वाढलं. बाहेर एडका एकटाच दाराला धडका मारत व्हता. मी जेवत व्हतो, ती समोर बसली व्हती, मऊ आवाजात म्हणली, "किती दिवस तुमाला उगा बाहेर झोपवलं. ती बाई बी काय, साधी पिवळी साडी, जांभळा काठ..."

"जांभळा कुठला," मी म्हणलो. "हिरवा काठ व्हता."

घास तोंडात तसाच राहिला. तिनं मान डोलावली, न्हाव्यानं वस्तरा थांबवला तशी थांबली, अन उठली. अंथरूण परत दारात आलं. या वेळी उशी बी सोबत दिली, एवढा फरक.

लिहायला मला तिनंच शिकवलं, पुढं कधीतरी, त्याच खुर्चीवर बसवून. हे सगळं तिनं वाचलंय. वाचून एवढंच म्हणली, काठावर जरीची नक्षी बी व्हती, ते विसरलात.